हैतीचा भूकंप, चर्चचे पाण्याचे फिल्टर आणि अनाथाश्रम: पैसे द्यावेत का?

अटलांटावासी | ४ सप्टेंबर २०२१

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज एक प्रश्न घेऊन आलोय.

१४ ऑगस्टला हैतीत ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला हे वाचलं असेलच. दोन हजारांहून जास्त माणसं गेली, आणि दोनच दिवसांनी वर ग्रेस वादळाचा पाऊस. माझ्या टीममधला एक जण इथल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जातो. २०१०च्या मोठ्या भूकंपानंतर त्यांच्या चर्चने ले काय शहराजवळचं एक खेडं धरलं आहे. दर वर्षी दहा-पंधरा जण तिथे जाऊन येतात. घरोघर बादलीचे पाण्याचे फिल्टर देतात आणि एका अनाथाश्रमाचा खर्च चालवतात. आता आश्रमाची भिंत पडली, विहीर गाळाने भरली, म्हणून पैसे गोळा करणं चाललंय. त्याने मला अगदी संकोचत विचारलं. माणूस सरळ आहे, आमच्याकडे गणपतीला येतो आणि उकडीचे मोदक मागून खातो.

बायको म्हणते, पाणीच देतायत ना, देऊन टाक. पुण्यातला मित्र म्हणतो, तुझ्या डॉलरची बायबलं छापतील.

असं काम कुणी जवळून पाहिलंय का? पैसे देण्याआधी काय विचारावं? कृपया धर्मयुद्ध नको.

खडूस

शेवटची ओळ लिहिलीत म्हणजे युद्ध नक्की. पहिल्या रांगेत चुरमुरे घेऊन बसलोय.

सह्याद्रीपुत्र

युद्ध नाही, पण स्पष्ट बोलतो. देऊ नका. दुष्काळ, रोगराई, भूकंप, काहीही आलं की ही मंडळी पोचतात आणि मदतीच्या मागून धर्म येतो. नगर जिल्ह्यात १८७६-७८च्या आणि पुढे १८९९-१९००च्या दुष्काळात काय झालं ते वाचा. पोटासाठी माणसं मिशनच्या आसऱ्याला गेली आणि नंतर चर्चच्या वहीत त्यांची नावं चढली.

शिवाय २०१०च्या भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी पॅट रॉबर्टसन नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक टीव्हीवर म्हणाले की फ्रेंचांपासून सुटायला हैतीच्या लोकांनी सैतानाशी करार केला होता, त्याची फळं भोगतायत. ढिगाऱ्याखालून प्रेतं निघायच्या आत ज्यांना हे सुचतं, त्यांच्या पदरात तुम्ही पैसे टाकणार? द्यायचेच असतील तर जुलैच्या पुरात बुडालेल्या चिपळूणला द्या.

चिंचपोकळी_फास्ट

हे त्यांनाच सुचतं असं नाही हो. १९३४चा बिहारचा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं साक्षात गांधीजी म्हणाले होते आणि रवींद्रनाथांनी जाहीरपणे त्यांना विरोध केला होता. जमीन हलली की आधी कुणाचं पाप ते शोधायचं, हा छंद सर्वधर्मीय आहे. बाकी चालू द्या.

उत्तन_किनारा

सह्याद्रीपुत्र, नगरचा इतिहास मी नाकारत नाही. पण हैतीत धर्मांतर कुणाचं करणार? तिथे बहुतेक लोक पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती आहेत, कॅथलिक नाहीतर प्रोटेस्टंट, आणि त्यातल्या अनेकांच्या घरात जोडीला वूडूही. २०१०ला पोर्तोप्रिन्सचं कॅथेड्रल कोसळलं, आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो त्याच भूकंपात गेले. तेव्हा मेलेले, वाचलेले आणि वाचवणारे असे सगळीकडे ख्रिस्तीच होते. अमेरिकन पंथवाले तिथल्या कॅथलिकांना आपल्याकडे ओढतात हे खरं आहे. ती ओढाताण आम्हाला वसई-उत्तनला बसूनही ठाऊक आहे, आमच्या दारावरही येतात ते.

मिशनरी म्हटलं की महिनाभराच्या सुट्टीवर आलेला गोरा एवढंच डोळ्यांपुढे आणू नका. रिक फ्रेशेट नावाचे एक पादरी १९८०च्या दशकापासून हैतीत आहेत. मुलं औषधावाचून मरताना पाहिली म्हणून त्यांनी मध्यम वयात वैद्यकीय शिक्षण घेतलं. सेंट डेमियन हे मुलांचं हॉस्पिटल त्यांच्या कामातून उभं आहे. आणि तुमच्या 'ही मंडळी'मध्ये मीही येतो, तेवढं लक्षात असू द्या. आमच्या घरात प्रार्थना मराठीतच होते.

सह्याद्रीपुत्र

तुम्ही आपलेच आहात, तुमच्याबद्दल बोललोच नाही.

उत्तन_किनारा

हेच वाक्य मी शाळेपासून ऐकतोय. असो. हलके घेतलं.

गोदूताई

हाच धागा १८९३मध्ये पुण्यात झालेला आहे. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून केसरीने झोड उठवली, आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. त्याच रमाबाईंनी चार वर्षांनी दुष्काळातल्या पोरक्या, टाकून दिलेल्या मुली मध्य प्रांतातून आणून केडगावला ठेवल्या. पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. शेकड्यांनी मुली जगल्या आणि त्यातल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एक खरं ठरवायला दुसरं खोटं पाडावं लागत नाही, पण आपल्याकडे सव्वाशे वर्षं तेच चाललंय.

खडूस

मंडळी, पाणी. धागा पाण्याचा आहे.

परशुराम_घाट

'चिपळूणला द्या' म्हणणाऱ्यांसाठी. २२ जुलैला आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. नंतर बाटलीबंद पाण्याचे ट्रक आले, खूप आले. प्यायला पुरून उरलं. पण घरात गुडघाभर चिखल, तो धुवायला पाणी नाही. बाटलीतलं पाणी ओतून फरशी धुणारी माणसं मी पाहिलीत. मग रिकाम्या बाटल्या गटारात गेल्या आणि पुढच्या पावसाला गटार उलटं आलं.

सगळ्यात जास्त दुवा कुणाला मिळाला असेल तर मोटर दुरुस्त करणाऱ्या पोरांना. एक जण आमच्या आळीत आला, बोअरची मोटर उघडली, चिखल काढला, बेअरिंग बदललं, वाइंडिंग वाळवलं आणि संध्याकाळी पाणी वर आलं. कुठल्या संघटनेचा, कुठल्या जातीचा, आम्ही विचारायचं राहूनच गेलं. चहासुद्धा पाजता आला नाही, घरात दूध नव्हतं.

उपसा_सिंचन

+१ परशुराम_घाट. पाणीवाल्या इंजिनिअरचे चार शब्द.

बादलीचा फिल्टर म्हणजे बहुधा पोकळ तंतूंचा. आत नळीसारखे बारीक धागे असतात, छिद्रं ०.१ मायक्रॉनची. कॉलऱ्याच्या जंतूसारखे जिवाणू त्यात अडकतात, विषाणू त्याहून बारीक, ते निसटू शकतात. वीज लागत नाही ही जमेची बाजू. पण गढूळ पाणी ओतलं की धागे चोंदतात. मग सोबत दिलेल्या पिचकारीत स्वच्छ पाणी भरून उलट्या बाजूने मारावं लागतं. ही पिचकारी पहिल्यांदा पोरांच्या हातात जाते आणि मग कुठेच सापडत नाही. फिल्टरमधून थेंब थेंब यायला लागतं, आणि घरातली बाई शेवटी झाकण उघडून बादलीतलं पाणी तसंच तांब्याने घेते. तिला चार जणांची तहान भागवायची असते.

दुसरा प्रकार वाळूचा फिल्टर. कॅलगरी विद्यापीठातल्या डेव्हिड मान्झ यांनी तो घरगुती वापरासाठी बेतला आणि ख्रिस्ती संस्थांनी हैतीत बरेच बसवले. काँक्रीटची पेटी, आत वाळू, वाळूच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा थर धरतो आणि तो जंतूंचा फडशा पाडतो. चांगली वस्तू आहे, पण ती हलवायची नसते. जमीनच हलली तर काय करणार?

तेव्हा अटलांटावासी, त्यांनी किती फिल्टर वाटले ते विचारू नका. दोन वर्षांपूर्वी वाटलेल्यांपैकी आज किती चालू आहेत, आणि बंद पडला तर गावात कोण दुरुस्त करतं, हे विचारा.

अवांतर, खास सह्याद्रीपुत्रांसाठी: गावोगावी जो हापसा दिसतो, इंडिया मार्क-२, त्याचं कूळ जालना आणि सोलापूरला निघतं. ओतीव लोखंडाचे जुने पंप सारखे मोडायचे, म्हणून जालन्यात मिशनच्या बोअरवेलच्या कामातून मजबूत असा जालना पंप तयार झाला. त्यापाठोपाठ सोलापूर पंप आला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफने रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीबरोबर त्यावरून मार्क-२ घडवला. तो पुढे आफ्रिकेतही गेला. लहानपणी तुम्हीही त्याच्या दांड्याला लोंबकळला असाल.

सह्याद्रीपुत्र

लोंबकळलोय, हनुवटीवर टाकेही आहेत. माहिती नवीन होती, धन्यवाद. मत तेच आहे.

सुईणमावशी

फिल्टर, फिल्टर काय लावलंय. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य घालवलं. पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते आधी बघा. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पांढरंच राहिलं तर सरपंचाने कितीही शपथा घेतल्या तरी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही. बऱ्याच वेळा पडलेली असते पण तिच्यात दम नसतो, कारण पोतं मोटारीच्या खोलीत तोंड उघडं ठेवून सहा महिने पडलेलं असतं आणि पावडरीचे ढेकूळ झालेले असतात. फिल्टर घरात एकदा देऊन फोटो काढता येतो. टीसीएल रोज टाकावी लागते, तिचा फोटो चांगला येत नाही.

आता हैतीचं. तिथे २०१०च्या आधी जवळपास शंभर वर्षं कॉलऱ्याची नोंद नव्हती. भूकंपातही कॉलरा आला नाही. तो आला ऑक्टोबरमध्ये, मदतीला आलेल्यांच्या संडासातून. नेपाळहून आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची मिर्बाले गावाजवळ छावणी होती. तिथली घाण ओढ्यात गेली, ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत, आणि नदीचं पाणी लोक पितात. आठ लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, दहा हजारांच्या घरात मेले. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ उजाडेपर्यंत माफीसुद्धा मागितली नाही.

म्हणून बाळा, तुझ्या त्या मित्राला माझा एकच प्रश्न विचार. तुमचे दहा-पंधरा पाहुणे गावात जातात ते परसाकडेला कुठे जातात?

खडूस

मावशी, हा प्रश्न चर्चमध्ये इंग्रजीतून विचारून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ. जादा तर्रीसकट.

तेरणाकाठ

किल्लारीच्या भूकंपाचा विषय कुणीतरी काढंल वाटलं, कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

माझं गाव तेरणेच्या काठी, लोहारा तालुका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. आमच्याकडची घरं माळवदाची. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहतेत, पण बसली तर खालचा माणूस खालीच. मी त्या रात्री पोरासोरांत देवळाच्या ओट्यावर झोपलो होतो म्हणून हे लिहितोय.

मदत किती तऱ्हेची आली म्हणून सांगू. रस्त्याच्या कडंला जुन्या कपड्यांचे ढीग, त्यात सुटाचे कोट. आमच्या एका आज्याला कोटच बसला अंगात, तो धोतरावर कोट घालून महिनाभर फिरला. संघाची जनकल्याण समिती आली, ख्रिस्ती लोकांची कासा आली, जैन संघटना आली. पत्र्याच्या शेडमधी कोण कुठला हे कळायचं न्हाई.

एक सिस्टर यायची, केरळची. मराठी तुटकं. जखमा धुवायची आणि सगळ्या बायांना सांगायची, पाणी उकळून प्या. माझ्या चुलतीनं तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि शेडभोवतीचा चिखल दाखवला. घराची लाकडं ढिगाऱ्याखाली, त्याच्याखाली माणसं, आणि चूल पेटवायला वाळली काडी न्हाई. सिस्टर काही बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली, कळशीत किती टाकायच्या ते दाखवलं, आणि पुन्हा 'उकळा' म्हणून कधी म्हणाली न्हाई. देवाचं तिनं काही सांगितलं न्हाई. गळ्यात क्रॉस होता तेवढाच.

आता पोरांचं. शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपातली बाराशेच्या आसपास पोरं पुण्याला नेली, ठेवून घेतली, शिकवली. फार मोठं काम, त्याला तोड न्हाई. माझा चुलतभाऊ त्यात होता. आई गेलेली, बाप होता. शिकला, आज पोटापाण्याला चांगला आहे. पण सुट्टीत गावाकडं आला की बापापाशी बसायचा न्हाई, आमच्यातच राहायचा. बाप ओट्यावरनं बघत बसायचा. नंतर हराळीला ज्ञान प्रबोधिनीनं शाळा काढली तेव्हा आसपासची पोरं जवळच राहून शिकली. दोन्हींतलं कोणतं बरं ते मी सांगणारा कोण. पण पोराला गावातनं हलवायच्या आधी घरात कोण उरलंय ते बघावं, इतकं मात्र सांगतो.

कृष्णकमळ

तेरणाकाठ यांचं शेवटचं वाक्य आमच्या कार्यालयात भिंतीवर लावायला हवं. मी दत्तक प्रक्रियेत काम करते, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते.

हैतीतल्या अनाथाश्रमांत अंदाजे ३०,००० मुलं आहेत आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असं लुमोस या संस्थेचा अभ्यास सांगतो. मग ती तिथे का? कारण आश्रमात दोन वेळचं जेवण आणि शाळा आहे, घरी नाही. चर्चचे पैसे आश्रमाला येतात, मुलाच्या आईला येत नाहीत. त्यामुळे मूल आश्रमाकडे जातं, आणि मुलं भरपूर आहेत असं दिसलं की आणखी पैसे येतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असूनही हे चक्र फिरत राहतं. बरेच आश्रम सरकारी परवान्याशिवाय चालतात. फेब्रुवारी २०२०मध्ये पोर्तोप्रिन्सजवळ एका अमेरिकन चर्चच्या आश्रमाला आग लागली. वीज नव्हती म्हणून मेणबत्त्या लावल्या होत्या. १५ मुलं गेली. त्या आश्रमाला परवाना नव्हता.

२०१०च्या भूकंपानंतर तीनच आठवड्यांच्या आत आयडाहोचे दहा बाप्टिस्ट ३३ मुलं बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पकडले गेले. कागदपत्रं नाहीत. अनाथ म्हणून नेत होते, आणि त्यातल्या अनेकांचे आईबाप गावात जिवंत होते. त्यांनीच मुलं हातात दिली होती, चांगलं शिकतील म्हणून. त्या माणसांना आपण काही वाईट करतोय असं वाटत होतं की नाही, ठाऊक नाही. कायदा असतो तो एवढ्यासाठी.

आणि हे फक्त हैतीत होतं असं समजू नका. यंदा मे महिन्यात 'दोन मुली, आईवडील कोविडने गेले, ब्राह्मण कुटुंब, दत्तक हवी असल्यास फोन करा' असले निरोप तुमच्या किती ग्रुपवर फिरले ते आठवा. मला अत्यंत सुशिक्षित लोकांनी ते पाठवले. असं मूल परस्पर देणं-घेणं गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, बालकल्याण समितीपुढे मूल जायला हवं, आणि आधी आजी, मामा, काका बघायचे. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी महिन्याला पैसे मिळतात. तुटपुंजे आहेत, पण मूल घरात राहतं.

चिंचपोकळी_फास्ट

त्या निरोपात जात आवर्जून लिहिलेली होती हे माझ्याही लक्षात राहिलंय. अनाथाची सोय नंतर, गोत्राची आधी.

ऊसतोड्याचा_पोर

कृष्णकमळ ताई, तुमचे आकडे खरे असतील. पण मी त्या ८० टक्क्यांतला आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो.

मी बीडचा. आईबाप ऊसतोडीला. दसऱ्यानंतर कोयता घेऊन गेले की उन्हाळ्यातच परत. मला बैलगाडीवर सोबत नेलं असतं तर आज मीही पाचटात असतो. आईने मला एका मिशनच्या बोर्डिंगात घातलं. मी अनाथ नव्हतो, पण कागदावर काय लिहिलं होतं देव जाणे. मला तिथे पोटभर भाकरी, नळाचं पाणी आणि अभ्यासाला दिवा मिळाला. रविवारी प्रार्थनेला बसावं लागायचं. मी आजही सप्त्याला जातो, धर्म काही बदलला नाही.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात आहे. नाताळच्या आधी परदेशातल्या देणगीदाराला पत्र लिहायचं असायचं. मजकूर फळ्यावर लिहिलेला, आम्ही फक्त उतरवून काढायचो. 'मी आनंदी आहे. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो. मला कुणी नाही.' शेवटचं वाक्य मी एका वर्षी गाळलं, तर वॉर्डनने पत्र परत लिहायला लावलं. आई त्याच महिन्यात मला गूळ घेऊन भेटायला आली होती.

तरी सांगतो, बोर्डिंग बंद झालं असतं तर मी शिकलो नसतो. हैतीत तर गरिबाची पोरं दुसऱ्यांच्या घरी बिनपगारी राबायला पाठवतात, त्यांना रेस्तावेक म्हणतात. आश्रमाला कुलूप लावलं तर मूल आईकडे जाईल की त्या घरी, याचं उत्तर कुणाकडे आहे?

कृष्णकमळ

तुमच्या प्रतिसादावर वाद घालणार नाही. एवढंच विचारते, तुमच्यावर वर्षाला जो खर्च झाला तो तुमच्या आईच्या हातात पडला असता तर?

ऊसतोड्याचा_पोर

अर्धा मुकादमाची उचल फेडण्यात गेला असता, ताई. खरं सांगतो. उरलेल्या अर्ध्यात मी बहुतेक शिकलो असतो.

अटलांटावासी | १९ सप्टेंबर २०२१

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न घेऊन मित्राला जेवायला नेलं. हकिकत सांगतो.

फिल्टरचं: २०१९नंतर कोविडमुळे चर्चमधून कुणी गेलेलंच नाही. गावातला एक शाळामास्तर देखरेख करतो, बिनपगारी. मित्राने त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं. दोन दिवसांनी मास्तरने घरं फिरून कळवलं की निम्म्याहून कमी चालू आहेत, बाकीच्या बऱ्याच घरांत बादली धान्य ठेवायला वापरतात, आणि नवे फिल्टर नकोत, पिचकाऱ्या पाठवा. उपसा_सिंचन, तुम्हाला दंडवत. नवा माल पाठवायचा तरी पोर्तोप्रिन्सहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मार्तिसां भागात टोळ्यांच्या ताब्यात आहे, बराच माल होडीने किंवा विमानाने न्यावा लागतो.

मुलांचं: चाळीसेक मुलं आहेत. बहुतेकांचे आई किंवा बाप आहेत, काही तर त्याच डोंगराच्या पलीकडे राहतात. मित्र इतकी वर्षं जातोय, त्याने हे कधी विचारलं नव्हतं. परवान्याचं 'बघून सांगतो' म्हणाला.

संडासाचं: पाहुण्यांच्या घराला सेप्टिक टँक आहे. गावात काही नाही. हे सांगताना आधी हसला, मग गप्प झाला. खडूस, माझी मिसळ.

मी पैसे दिले. विहिरीचा गाळ, पिचकाऱ्या आणि क्लोरीन यांच्यासाठीच, तसं लिहून. माझी कंपनी तेवढेच पैसे वर घालते, पण धार्मिक कामाला नाही, त्यामुळे ही अट घालणं सोपं गेलं. आश्रमाच्या भिंतीला दिले नाहीत.

सह्याद्रीपुत्र

पाण्याला दिलेत, माझं काही म्हणणं नाही. बायबलं छापली तर कळवा.

खडूस

मिसळ कबूल. अटलांटाला पार्सल येणार नाही, पुण्यात आलात की हजर.

अटलांटावासी | २१ ऑक्टोबर २०२१

धागा वर काढतोय. तुम्ही बातमी वाचली असेल. १६ तारखेला पोर्तोप्रिन्सजवळ '४०० मावोझो' नावाच्या टोळीने १७ मिशनरी पळवले. एका अनाथाश्रमाला भेट देऊन परत येत होते. त्यात पाच मुलं, सगळ्यात धाकटं आठ महिन्यांचं. माणशी दहा लाख डॉलर मागतायत. आमच्या ओळखीतलं कुणी नाही, ते ओहायोच्या संस्थेचे आहेत. पण मित्राच्या चर्चची नोव्हेंबरची फेरी रद्द झाली.

आता तिकिटांचे पैसे परत आलेत आणि त्यांचं काय करायचं यावर चर्चमध्ये भांडण पेटलंय. काहींना ते भिंतीला लावायचेत. मित्र म्हणतो, मास्तरला पगार द्या आणि आपण जाऊच नका. त्याच्याशी अर्धं चर्च बोलत नाही. काही जणांना दर वर्षी स्वतः जाण्यातच रस आहे, असं तो पहिल्यांदा बोलून दाखवतोय.

उत्तन_किनारा

ती मंडळी सुखरूप सुटोत. तुमच्या मित्राला सांगा, आमच्या गावातही चर्चच्या कमिटीत असंच चालतं. पंख्याला पैसे मिळतात, कारण पंख्यावर देणगीदाराचं नाव लिहिता येतं. पगारावर कुठे लिहिणार?

सह्याद्रीपुत्र

आठ महिन्यांचं पोर. सुटो बिचारं. मास्तरला पगार द्या, हे मात्र पटलं. गावचा माणूस, गावाच्या भाषेत बोलणारा.

परशुराम_घाट

मास्तरबरोबर एखादा मोटर दुरुस्तीवालाही शोधा.

सुईणमावशी

पगाराबरोबर क्लोरीनच्या गोळ्या द्या, पण मुदतीची तारीख बघून. दान म्हणून मुदत संपत आलेला माल खपवतात, ते मी आमच्या केंद्रातही पाहिलंय. आणि पैसे उरले तर गावात आधी संडास बांधा. कॉलरा सध्या तिथे नाही म्हणतात, पण ज्या वाटेने तो आला ती वाट बंद झालेली नाही. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खड्डा घ्या.

अटलांटावासी

मावशी, मास्तरला कळवलं. त्याचा उलट निरोप: नक्की किती लांब? आश्रमाचं आवार लहान आहे.

सुईणमावशी

शंभर फूट तरी. आवारात बसत नसेल तर आवाराबाहेर घ्या, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर हवा. पावसाळ्यात विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं ते मास्तरला विचारून इथे लिही, मग खोली सांगते.